इस्त्रीपासून ऑस्करपर्यंत?

'कपडेपटात शिरा, पाच-सात वर्षांत वेशभूषाकार व्हाल' (कपडेपट म्हणजे नाटक-सिनेमातले कपडे सांभाळणारा विभाग) हे वेशभूषेतल्या करिअरवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. त्याला जोड म्हणून 1983 च्या ऑस्करचं उदाहरण! ते मिळवणाऱ्या वेशभूषाकार भानू अथैया जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकार होत्या. मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत त्या सिनेमात आल्या, इस्त्री करत करत नव्हे. वेशभूषाकार आणि कपडेपट सांभाळणारा ड्रेसवाला या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्याचं नाव जाहिरातीत येतं, दुसऱ्याला नाइट, म्हणजे प्रयोगामागे ठरलेले पैसे मिळतात. प्रयोग झाला तर.

मी नाशकात अकरा वर्षं हेच ड्रेसवाल्याचं काम करतोय. कालिदास नाट्यगृहात रात्री साडेनऊचा प्रयोग असला की मी दुपारी चारला पेट्या उघडतो. मखमली अंगरखा धुता येत नाही, म्हणून घामेजलेलं अस्तर तेवढं उसवून धुवायचं, वाळवून परत टाचायचं. या दीड तासाचे पैसे कोण देतं? शिवलेल्या नऊवारीचा हूक अंधारात तुटला, तर विंगेत सेफ्टी पिन तोंडात धरून मीच उभा असतो. (आता दात झिजलेत.) मुंबईला एका मालिकेवर गेलो होतो. शिफ्टचा दर नाटकापेक्षा बरा, पण पहिला पैसा चौथ्या महिन्यात हातात आला. तोवर खोलीचं भाडं बायकोच्या शिवणकामावर निघालं.

लेखात वेशभूषाकारांच्या मुलाखती आहेत. एखाद्या ड्रेसवाल्यालाही विचारायचं होतं की.