आरशांमागचे कारस्थान ओळखण्याची सोपी रीत

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवर सोलर पॅनेल बसवण्याचा ठराव नामंजूर झाला. विरोध खर्चावरून झाला नाही, गच्ची गळेल म्हणून झाला नाही, पापड-कुरडया वाळत घालायच्या कुठे या रास्त प्रश्नावरूनही झाला नाही. ठरावावर चर्चा चालू असताना दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मोबाइल उंच धरला आणि एक चित्रफीत दाखवली. वाळवंटात डोक्यावर पांढराशुभ्र प्रकाश घेऊन उभा असलेला एक प्रचंड मनोरा, त्याच्याभोवती हजारो आरसे, आणि ‘शेजारच्या एका देशाने’ वीजकेंद्राच्या नावाखाली आकाशातली विमाने जाळण्याचे यंत्र उभारले आहे, असे सांगणारा एक घोगरा आवाज. मनोरा इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या अशालिमचा होता. आरशांचे उंचावरून घेतलेले दृश्य अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटाचे होते. मध्येच दिसणारा पॅनेलांचा भलामोठा घोडा चीनच्या अंतर्गत मंगोलियातल्या कुबुची वाळवंटातला होता. तीन देशांची ठिगळे जोडून शिवलेले हे राष्ट्र कोणत्याही नकाशावर सापडणार नाही, परंतु त्याच्या हेतूविषयी आमच्या सभेत कोणाच्याही मनात शंका उरली नाही. ही विद्या आपल्याला अवगत नाही याची मला त्या दिवशी फार लाज वाटली, म्हणून घरी येऊन मी तिचा अभ्यास केला. आपल्यालाही ती उपयोगी पडावी म्हणून तिचे नियम इथे देत आहे.

देश कोणता, हे कधीही विचारू नये.

मनोऱ्याचा माथा चमकत असेल, तर तो काहीतरी बाहेर फेकत आहे असे समजावे. प्रत्यक्षात तो फेकत नसून घेत असतो, हे कोणी सांगू लागल्यास त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहावे. अशालिमला सुमारे अडीचशे मीटर उंचीच्या मनोऱ्याभोवती पन्नास हजारांहून अधिक आरसे सूर्याच्या मागोमाग वळत राहतात आणि त्याचे ऊन मनोऱ्याच्या माथ्यावरच्या बॉयलरवर टाकतात. तिथे पाण्याची वाफ होते आणि पुढे जे घडते ते परळीला किंवा कोराडीला कोळसा जाळून रोज घडतच असते. पण परळीच्या धुराडीकडे पाहून कोणाला अस्त्र आठवत नाही, कारण तिच्यातून निघते ती राख, आणि राखेची आपल्याला सवय आहे.

भूमितीपासून चार हात लांब राहावे, हा या शास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. सूर्य हा आकाशातला ठिपका नव्हे, ती सुमारे अर्धा अंश जागा व्यापणारी तबकडी आहे. त्यामुळे सपाट आरशावरून परतलेले ऊन जितके दूर जाईल तितके पसरत जाते. भिंग किंवा वक्र आरसा आणला तरी सूर्याची प्रतिमा एक किलोमीटरवर सुमारे नऊ मीटरपेक्षा लहान होत नाही आणि शंभर किलोमीटरवर ती जवळजवळ एक किलोमीटर रुंद होते. टीव्हीचे उपग्रह ज्या छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतात, तिथून एखाद्या आरशाने पृथ्वीवर ऊन पाडले, तर त्याचा कवडसा मुंबईपासून छत्रपती संभाजीनगरच्याही पलीकडे पोहोचेल आणि त्यात आपले कपडेसुद्धा लवकर वाळणार नाहीत. रशियाने १९९३ मध्ये मीर अंतराळस्थानकाजवळ वीस मीटर व्यासाचा आरसा खरोखरच उघडून पाहिला होता. त्याचा सुमारे पाच किलोमीटर रुंदीचा कवडसा युरोपवरून सरकत गेला आणि त्याचा उजेड होता पौर्णिमेच्या चांदण्याइतका. हे सारे कळल्यावर संशयातली गंमतच निघून जाते, म्हणून ते कळू देऊ नये. उन्हाने खरोखर काही वितळवले ते लंडनमधल्या एका बहुमजली इमारतीने. २०१३ मध्ये तिच्या आत वळलेल्या काचांनी खाली उभ्या असलेल्या एका महागड्या मोटारीचे भाग वितळवले होते. तिथे कोणाचाही कट नव्हता, नुसता हलगर्जीपणा होता, आणि म्हणूनच त्याची चित्रफीत आपल्याला कोणी पाठवत नाही.

शिर्डीला जाणार असाल, तर प्रसादालयाच्या गच्चीवरच्या ७३ तबकड्यांकडे मान वर करून पाहू नये. त्याही उन्हाची वाफच करतात, आणि त्यांचा गुप्त हेतू दुपारी पंगतीत आपल्याच ताटात वाढला जातो.

ज्या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर आहे, तो प्रश्न विचारू नये. मोहावीतले इव्हनपाह केंद्र २०१४ मध्ये सुरू झाले. त्याला तीन मनोरे आहेत, त्यांभोवती एक लाख त्र्याहत्तर हजार आरसेधारक सांगाडे आहेत आणि त्यामागे अमेरिकी सरकारने हमी दिलेले १.६ अब्ज डॉलरचे कर्ज आहे. सकाळी बॉयलर तापवण्यासाठी तिथे नैसर्गिक वायू जाळावा लागतो. आरशांच्या झोतात सापडून पक्षी होरपळतात आणि त्याची मोजदाद करणारे अहवाल उपलब्ध आहेत. २०१६ च्या मे महिन्यात काही आरशांचा नेम चुकला आणि त्यांनी आपल्याच मनोऱ्यावरच्या नळ्या व तारा जाळल्या. दरम्यान साधे पॅनेल इतके स्वस्त झाले, की २०२५ च्या जानेवारीत तिथली वीज घेणाऱ्या कंपनीने करार मुदतीपूर्वीच संपवायचे ठरवले. अमेरिकेतल्याच नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्स या सौरकेंद्राची कथाही अशीच आहे. तिथे वितळलेल्या मिठात उष्णता साठवून रात्री वीज करायची होती, पण मिठाची टाकीच गळू लागली आणि २०१९ मध्ये केंद्र बंद पडले. पैसा कोणाचा गेला, हमी कोणी दिली, पाखरे किती मेली, हे सगळे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. कर्नाटकातल्या पावगड्याला सुमारे तेरा हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेऊन सौरप्रकल्प उभा राहिला. जमीनमालकाला भाडे मिळते, पण त्याच्या रानात मजुरीला जाणाऱ्या भूमिहीनाचे काय झाले, हाही प्रश्न आहे. परंतु अशा प्रश्नांसाठी कागद वाचावे लागतात आणि वाचताना पार्श्वसंगीत नसते.

अंतराळातून येणारी किरणे मात्र कोणत्याही प्रसंगी वापरावीत. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियात मोठा वणवा पेटला. पॅराडाइज नावाचे गाव काही तासांत बेचिराख झाले आणि ८५ माणसे मेली. त्यांच्यात म्हातारी माणसे पुष्कळ होती, ज्यांना घराबाहेर पडायलाही वेळ मिळाला नाही. लागलीच समाजमाध्यमांवर शंका निघाली, की अंतराळातल्या सौरवीजकेंद्रांतून सोडलेल्या किरणांनी ही आग लावली असावी. तसे केंद्र अंतराळात तेव्हा नव्हते आणि आजही नाही. अंतराळातल्या उपकरणातून वीज बिनतारी खाली पाठवण्याचा कॅलिफोर्नियातल्याच एका संस्थेचा प्रयोग २०२३ मध्ये झाला आणि तो यशस्वी झाला म्हणजे काय, तर जमिनीवरच्या यंत्राला संदेश जेमतेम जाणवला. तरी ही शंका लिहिणाऱ्यांपैकी एक बाई दोन वर्षांनी अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेल्या. आणि आग लागली होती कशाने? उच्चदाबाच्या तारा तोलून धरणाऱ्या एका लोखंडी आकड्याने. तो आकडा जवळजवळ शंभर वर्षांचा होता, वाऱ्याने हलून हलून झिजत गेला होता, आणि त्या सकाळी तुटला. तार ती पेलणाऱ्या विजेच्या मनोऱ्याला घासली, ठिणग्या वाळलेल्या गवतावर पडल्या. वर चढून त्या आकड्याकडे बघायचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते नीट केले नव्हते. वीज कंपनीने २०२० मध्ये ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. कबूल केला, महाराज! कारस्थान इतके उघडे होते की ते न्यायालयाच्या कागदावर सहीनिशी होते, आणि लोक मान वर करून आकाशात किरणे शोधत होते. ज्याने आकडा तपासला नाही, त्याला याहून मोठी मदत कोण करणार होते?

आता उपरोध पुरे झाला. आमच्या त्या सभेत मी हे सगळे सांगायला उभा राहिलो, तेव्हा दोन मिनिटांत मला खाली बसवण्यात आले. “काका, तुम्हाला कंपनीकडून किती मिळतात?” असे एका तरुण सभासदाने हसत विचारले, आणि सभा हसली. सभासदहो, संशय घेणे म्हणजे शहाणपण, असा तुमचा समज आहे, पण हा संशय नव्हे. संशय घेणारा माणूस दरपत्रक मागवतो, दोन कंत्राटदारांचे आकडे शेजारी ठेवून बघतो, हमीपत्राची मुदत वाचतो, नेट मीटरिंगचा, म्हणजे गच्चीवरून वीज कंपनीला दिलेली वीज बिलातून वजा होण्याचा, हिशेब मागतो. लिफ्ट आणि पंपांचे बिल किती येते, हे त्या सभेत हात वर केलेल्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. सरकारी अनुदान सोसायट्यांनाही किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळते, ही गोष्ट मी सांगेपर्यंत कोणाला ठाऊक नव्हती आणि सांगितल्यावरही ती कोणी लिहून घेतली नाही. तुम्हाला नाही म्हणायचे होते, तर कागद वाचून नाही म्हणायचे होते. मी निमूट मान्य केले असते. तुम्ही आळस केलात आणि त्याला जागरूकतेचा फेटा बांधलात.

आणि आकड्याचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो. आपल्या मीटरच्या खोलीत गेल्या गणपतीच्या रोषणाईसाठी ओढलेली वायर अजून तशीच लोंबते आहे. तिच्या जोडावर टेपसुद्धा नाही, आणि पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. ती बदलण्यासाठी बोलावलेल्या सभेला गणसंख्या भरली नव्हती. किल्ली वॉचमनकडे असते.