‘देव झेपेल तेवढंच ओझं देतो’: असं वचन पवित्र शास्त्रात कुठंय?

कोणाच्या घरी आजारपण आलं, नोकरी गेली, की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच: ‘देव कुणालाही झेपणार नाही एवढं ओझं देत नाही. तुमच्यात ताकद आहे म्हणूनच तुम्हाला निवडलंय. रडू नका, कुणापुढे हात पसरू नका. १ करिंथ १०:१३.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मजकूर मात्र चुकीचा आहे.

आधी वचन, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या दहाव्या अध्यायाची तेरावी ओवी. तिथे ‘ओझं’ हा शब्दच नाही, ‘परीक्षा’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ त्यात येतात. येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’मध्येही तोच आहे. आपण ‘परीक्षा’ वाचतो आणि आजार, कर्ज, मरण सगळं त्यात कोंबतो. पण सातव्या ओवीपासून वाचत या, तिथे रानातल्या इस्राएल लोकांची पापं आहेत: सोन्याच्या वासराची पूजा, जारकर्म, कुरकुर. आणि लगेच चौदावी ओवी: मूर्तिपूजेपासून दूर पळा. विषय पापाच्या मोहाचा आहे. शिवाय ओवीतला भरवसा ‘देव विश्वसनीय आहे’ यावर उभा आहे, तुमच्या छातीवर नाही.

‘झेपेल तेवढंच’ याला तर पौलच साक्षीदार म्हणून उलटा उभा राहतो. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (१:८-९) तो लिहितो की आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सोडली. कशासाठी? स्वतःवर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. ओझं झेपणारं असतं तर या वाक्याला अर्थच उरला नसता.

जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याचंही तेच. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत होता (१ राजे १९). देवदूत ‘तुझ्यात ताकद आहे’ म्हणाला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. सातव्या ओवीत मूळ हिब्रूचा अर्थ जवळजवळ असा होतो: ही वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून खा.

‘हात पसरू नका’ हे सगळ्यात घातक. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे’ हे पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३ दहावीच्या पॅडवरसुद्धा चिकटवलेलं असतं. पुढचीच ओवी वाचा: माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलं. फिलिप्पैच्या मंडळीची मदत तिथल्याच एपफ्रदीतानं कैदेतल्या पौलापर्यंत पोहोचवली होती. म्हणजे सामर्थ्य ख्रिस्ताचं, आणि सोबत माणसांची मदतही.

कोणी पौलाच्याच गलतीकरांस पत्रातलं ६:५ पुढे करील: प्रत्येकानं आपला भार वाहावा. बरोबर, पण तीनच ओव्या आधी ‘एकमेकांची ओझी वाहा’ आहे. ग्रीकमध्ये शब्द वेगळे: ६:२ मध्ये ‘बारोस’, म्हणजे दडपून टाकणारं वजन, ६:५ मध्ये ‘फोर्तिओन’, ज्याचं त्यानं न्यायचं गाठोडं.

मग ग्रुपवर काय लिहावं? ‘हे तुमच्या एकट्याच्या शक्तीबाहेरचं आहे. गुरुवारी रात्री दवाखान्यात मी बसतो, तुम्ही झोपा.’ प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचा. ते अंधारातच संपतं, तरी हाक देवालाच आहे. आणि डॉक्टरांची गोळी चुकवू नका. पौलानंही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं (१ तीमथ्य ५:२३), नुसता विश्वास ठेव म्हणून सोडलं नव्हतं.