कचऱ्याच्या टाकीतला नहुष

सिनेमात रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं निमूट रस्त्यावरून निघून जावं, एवढीच माझी प्रेक्षक म्हणून अपेक्षा असते. नायकाचं चरित्र ऐकायला मी तयार आहे. खलनायकाचंही चालेल. पण मागच्या टेबलावर पाठमोरा बसलेला इसम कुठल्या गावचा, हे कळलं नाही म्हणून माझं आजवर काही अडलेलं नाही. 'स्टार वॉर्स'मध्ये अडतं. निदान आमच्या जावयाबरोबर बघताना तरी अडतंच.

त्यातून अधिक महिना. धोंड्याला आलेल्या जावयाला 'आता पुरे' म्हणायची सोय नाही. त्याच्यापुढे तेहतीस अनारसे आणि हातात रिमोट. सिनेमा 1977 सालचा, लांबी साधारण दोन तास. चारच्या चहाला सुरू केला, आणि दिवेलागणीला आम्ही अजून वाळवंटातच होतो.

तिथे लूक नावाच्या पोराचा काका भंगारवाल्यांकडून यंत्रमानव विकत घेतो. आधी लाल रंगाचा पसंत करतो. तो जेमतेम चार हात पुढे येतो आणि डोक्यातून धूर काढून बंद पडतो. मग काका त्याच्या बदल्यात निळा घेतो, आणि निळ्याच्या पोटातल्या निरोपामुळे पुढचं सगळं रामायण घडतं.

"जुना माल. असंच व्हायचं," मी म्हटलं.

पडद्यावरचा धूर जागच्या जागी थबकला. "बाबा, तो बंद पडला नाही. त्यानं स्वतःला बंद पाडलं."

मग कळलं ते असं. 1999 च्या एका कॉमिकमध्ये या लाल डब्याला दिव्य शक्ती बहाल झाली. त्याला भविष्य दिसलं आणि विश्वाच्या भल्यासाठी त्यानं देह ठेवला. 2017 च्या कथेत दिव्य शक्ती गेली, पण त्याग राहिला: निळ्यानं आदल्या रात्री त्याला मोहिमेचं महत्त्व सांगितलं आणि यानं दुसऱ्या दिवशी आपलं मशीन फोडून घेतलं. 2023 मध्ये तोच डबा 'द मँडलोरियन' मालिकेत पुन्हा नोकरीवर रुजू झाला. आमच्या खात्यात निवृत्तांना एवढ्या सन्मानानं परत घेत नाहीत.

"दधीचीच म्हणायचा," स्वयंपाकघरातून आवाज आला. तिथेच माझा घात झाला. इतका वेळ श्रोता नाइलाजाचा होता. आता जावयाला रसिक श्रोता मिळाला. हिनं जन्मभर कीर्तनं ऐकली आहेत. 'तो पूर्वजन्मी कोण होता' हे समजल्याशिवाय हिला कुणाचाच राग येत नाही.

पुढे त्याच वाळवंटातल्या मॉस आयस्ली गावचा गुत्ता. त्यात हातोड्यासारख्या डोक्याचं एक गिऱ्हाईक काही सेकंद दिसतं. ते निघालं ग्रहावरून हद्दपार झालेले धर्मगुरू, मोमॉ नेडन. आपला ग्रह वाचवण्यासाठी त्यांनी शेतीची गुपितं साम्राज्याला सांगितली, म्हणून स्वकीयांनी हाकललं. आता वाळवंटात बाग फुलवतात. या गुत्त्यातल्या गिऱ्हाइकांवर 1995 मध्ये आख्खा कथासंग्रह निघालाय. ही पदराला हात पुसत बाहेर येऊन बसली.

मला यात दोष दिसतो तो खेळणीवाल्यांचा. सिनेमा चालला तसा केनर कंपनीनं पडद्यावर क्षणभर चमकलेल्यांचे बाहुले काढले. याच्या पाकिटावर नुसतं 'हॅमरहेड'. पण बाहुला घरात आला की पोरं नाव विचारणार, नावामागून गाव येणार, गावाला इतिहास आणि इतिहासाला भाऊबंदकी.

कचऱ्याच्या टाकीत लूकचा पाय धरून त्याला पाण्याखाली ओढणारा प्राणी आला, तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो. ही म्हणाली, "नहुष असेल. भीमाला अजगरानं धरलं होतं ना वनपर्वात? तो शाप मिळालेला राजा निघाला."

जावई अनारसा हातात धरून हिच्याकडे बघतच राहिला. त्या प्राण्याचं नाव ओमी. 2017 च्या गोष्टीत तिलाही दिव्य शक्ती आहे, आणि ती लूकला खायला ओढत नाही, दीक्षा द्यायला ओढते. म्हणजे साफसफाईच्या खात्यातही सिद्धपुरुष बसलेले. सामान्य माणसानं त्या आकाशगंगेत राहायचं कुठं?

जेवताना जावयानं मोबाइलवर 1980 च्या दुसऱ्या भागातला तुकडा दाखवला. क्लाउड सिटीत पळापळ चालली आहे आणि नारिंगी कपड्यातला एकजण आइस्क्रीमचं यंत्र काखोटीला मारून धावतोय. खरोखर आइस्क्रीमचंच, शूटिंगला हाताशी असलेली वस्तू दिली असणार. पण त्यालाही नाव मिळालं, विलरो हूड. वायूच्या खाणीतली नोकरी मिळाली. आणि त्या यंत्रात म्हणे बंडखोरांची गुप्त माहिती होती. त्याचा बाहुला निघाला. चाहत्यांच्या संमेलनात लोक नारिंगी कपडे घालून, आइस्क्रीमची यंत्रं घेऊन झुंडीनं धावतात. 2019 मध्ये तसलंच भांडं मौल्यवान धातूची तिजोरी म्हणून पडद्यावर परत आलं. आमचा पॉट माळ्यावर गंजतोय.

"तो केसाळ कुठाय? चांगला होता बिचारा," हिनं विचारलं.

"च्युबॅका? तो वारला," जावई म्हणाला. "1999 च्या कादंबरीत. त्याच्या दोस्ताच्या, हान सोलोच्या मुलाला वाचवलं आणि स्वतः मागं राहिला. अंगावर चंद्र पडला."

"अख्खा?"

"अख्खा. पण 2014 मध्ये जाहीर झालं की त्या जुन्या कादंबऱ्या आता 'लेजंड्स', म्हणजे नुसत्या दंतकथा, अधिकृत इतिहास नव्हे. त्यामुळे तो मेलाही, आणि नाहीही."

मला वाटलं, आता तरी ही उखडेल. पंधरा वर्षं सुतक पाळलेल्यांनी करायचं काय? पण हिनं शांतपणे त्याच्या वाटीत कढी वाढली. "कल्पभेद. आमचे बुवा अडले की हेच सांगतात. एका कल्पात तसं झालं, दुसऱ्यात असं."

जावयानं डावा हात मोबाइलकडे नेला आणि 'कल्पभेद' टिपून घेतलं.

"तो मोठा गोळा," मी विचारलं, "डेथ स्टार. तो फुटतो का शेवटी?"

"फुटतो हो," ही म्हणाली. "दोनदा. मघाशी सांगितलं ना यांनी, तुमचं लक्ष कुठं असतं?"