बेटं कशी उरकावीत

सोलापूरकराने समुद्राला बिचकायचं काही कारण नाही. आपला सिद्धरामेश्वरच मुळी तळ्याच्या मधोमध राहतो. जायला वाट बांधलेली आहे म्हणून काय झालं, चारी बाजूंनी पाणी म्हणजे बेटच की ते. दर सोमवारी बेटावर जाऊन येणाऱ्या माणसाला अंदमानाचं काय कौतुक? शिवाय पंढरपूरला चंद्रभागेतल्या होडीत बसून विष्णुपदापर्यंत आपण सगळेच जाऊन आलोय. म्हणजे नौकानयनाचा अनुभवही गाठीशी आहे. तेव्हा सहलीच्या पत्रकात ‘एका दिवसात तीन बेटं, गाईडसह’ असं वाचलं की फार विचार करू नका, पैसे भरून मोकळे व्हा. तीनपैकी दोन बेटांवर उतरवतात आणि तिसरं लांबून दाखवतात, हे पत्रकात बारीक अक्षरात असतं. बारीक अक्षर वाचत बसणारा माणूस कुठेच जात नाही.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात बसवून घ्या. आपल्या मराठीत गावं बघत नाहीत, गावं ‘होतात’. काशी झाली, रामेश्वर झालं, मागच्या दिवाळीत केरळ झालं. तेव्हा रात्री हॉटेलच्या पलंगावर पाय पसरून “झालं बघ एकदाचं अंदमान” म्हणता आलं की सहल फत्ते. मध्ये बेट दिसलंच तर हरकत नाही, पण त्यासाठी अडून राहू नये.

तयारीची सुरुवात पाण्यापासून करा. समुद्राच्या नव्हे, नळाच्या. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, सहल सहा-सात दिवसांची असते, म्हणजे एक पाणी नक्की हुकतं. ते कोणत्या दिवशी आणि किती वाजता हुकणार, याचा हिशेब लग्नाच्या मुहूर्तासारखा काढून ठेवा. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या. मोटरचं बटण, हौदाचं झाकण, वरच्या टाकीचा कॉक हे सगळं त्यांना प्रत्यक्ष हात लावून दाखवा. त्या म्हणतील, “जावा की ओ बिनघोर, मी हाय की.” तरी बिनघोर जाऊ नका.

मग खाणं. कडक भाकरी माणशी किमान दहा, शेंगा चटणी अर्धा किलो, वर धपाटे. कडक भाकरी महिनाभर टिकते हे खरं, पण ते सोलापुरात, जिथे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि हवेत ओल नावालाही नसते. अंदमानच्या हवेत दुसऱ्या दिवशी ती सादळते, तिसऱ्या दिवशी नुसती भाकरी होते आणि चौथ्या दिवशी रुमालासारखी तिची घडी घालता येते. याचा दोष समुद्राला द्यावा, आणि जेवायला बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा द्यावा. “कसली ही हवा, भाकरी राहिना धड!” निळ्याशार पाण्याबद्दल दिवसभरात तुमचं एवढं एक वाक्य झालं तरी पुष्कळ.

(जॉली बॉय नावाचं बेट तुमच्या यादीत असेल तर चटणी प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका. वंडूरच्या धक्क्यावर पिशव्या उघडून बघतात आणि प्लॅस्टिक पुढे जाऊ देत नाहीत. ते बेट १९८३ साली झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे हॉटेल नाही, टपरी नाही, बोट लावायला धक्कासुद्धा नाही. सहा महिने ते उघडं आणि सहा महिने शेजारचं रेड स्किन, अशी आलटून पालटून बेटांना विश्रांती देतात. बेटाला सहा महिने सुट्टी आणि आपल्याला दिवाळीची चार दिवस! आम्ही चटणी धोतराच्या फडक्यात बांधून नेली. फडकं अजून लाल आहे.)

टॉवेल नेऊ नका. हॉटेलच्या टॉवेलचं लेबल उलटून बघा. आमच्या खोलीतला टॉवेल सोलापूरचाच निघाला. इतक्या लांब, आधी रेल्वेने चेन्नई आणि तिथून दोन-सव्वादोन तास विमानात बसून जायचं आणि अंग आपल्याच एमआयडीसीच्या टॉवेलने पुसायचं, यातलं समाधान वेगळंच. आमच्या आत्यांनी तो टॉवेल दोन बोटांत धरून वीण तपासली आणि “एक्स्पोर्टचा न्हाई, लोकलचाय” असा निकाल दिला. सहलभरात त्यांनी इतक्या बारकाईने पाहिलेली वस्तू ती एकच.

सहलीच्या दिवशी पहाटे उठवतात. कुरकुर करू नका. घड्याळ आपल्याकडचंच असलं तरी सूर्य तिथला आहे. तो आपल्या कितीतरी आधी कामाला लागतो आणि दुपारी साडेचारलाच आवरतं घ्यायला लागतो. धक्क्यावर पोचल्या पोचल्या एसटीची विद्या वापरा. बोटीला खिडक्या असोत नसोत, लांबूनच रुमाल टाकून जागा धरा. रुमाल वाऱ्याने उडतो, म्हणून जाणकार चादर टाकतात. आपली चादर एकदा पसरली की चार माणसांची जागा कुणाचा बाप हलवू शकत नाही.

नारिंगी जॅकेट देतील. ते घालायचं फोटोपुरतं. फोटो झाला की पट्टे सैल सोडा, तिसऱ्या मिनिटाला काढून त्यावर बसा. मऊ असतं. गाईड ओरडला तर सांगा, “भैया, हमारे उधर का उजनी इससे बडा है.” उजनीत आपण कधी पोहलो नाही, हे त्याला कळायचं कारण नाही. बोट लागत असेल तर आलेपाक तोंडात ठेवा आणि क्षितिजाकडे बघत राहा असं जाणकार सांगतात. क्षितिज आमच्या बोटीत कुणालाच सापडलं नाही, कारण सगळे मोबाइलची रेंज शोधत होते.

बोट निघाली की गाईड माइक हातात घेईल. तो वर्षानुवर्षं तेच बोलतो आहे, त्यामुळे त्याला श्रोत्यांची गरज राहिलेली नाही. या वेळात डबे उघडावेत. आमचा गाईड डाव्या हाताच्या व्हायपर बेटाकडे बोट करून सांगत होता, की १८७२ च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे आला, समोरच्या माउंट हॅरिएटवर चढून त्याने सूर्यास्त पाहिला आणि अंधारात खाली धक्क्यावर उतरला, तेव्हा शेर अली नावाच्या कैद्याने त्याला भोसकलं. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, आणि त्याला मारलं शिक्षा भोगणाऱ्या एका माणसाने. पुढच्याच महिन्यात शेर अलीला या व्हायपरवर फाशी दिली. हे सगळं तो टोमॅटोचा भाव सांगावा अशा आवाजात सांगत होता आणि आमच्याकडे त्याच वेळी चटणीचा डबा उजव्या रांगेत का गेला यावर चर्चा चालू होती. मागून एका काकांनी एवढंच विचारलं, “सनसेट पॉइंट आपल्या पॅकेजमध्ये हाय का?”

पहिलं उतरायचं बेट रॉस. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. त्यामुळे तिकिटावर एक, गाईडच्या तोंडी दुसरं आणि तुमच्या स्टेटसवर तिसरं नाव असेल. काळजी करू नका, आपण तिघांनाही ‘ते हरणांचं बेट’ म्हणणार आहोत.

कारण उतरल्या उतरल्या हरणं येतात. चितळ. साहेबाने शिकारीच्या हौसेपायी आणून सोडलेली. शिकारी गेले आणि हरणं राहिली. ती अगदी अंगाशी येतात, तेव्हा त्यांना वेफर देऊ नका असा फलक लावलेला असतो. फलकाला टेकून वेफर द्यावेत, म्हणजे फोटोत दोन्ही येतं. मोरही आहेत. पण मोरासाठी थांबणं म्हणजे नान्नजच्या माणसाचा अपमान आहे. आपण माळढोक अभयारण्यवाले.

वेळ पाऊण तास. इंग्रजांनी १८५८ नंतर इथून सगळं अंदमान चालवलं. चर्च, बेकरी, क्लब, पोहण्याचा तलाव, छापखाना, समुद्राचं पाणी पिण्याजोगं करायचा कारखाना, आणि या सगळ्याला मजूर म्हणून समोरच्या किनाऱ्यावरचे कैदी. १९४१ मध्ये भूकंप झाला, १९४२ मध्ये जपानी उतरले आणि त्यांनी बंकर बांधले. एवढ्या सगळ्याला पाऊण तास पुष्कळ होतो, कारण त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात, दहा शहाळ्याच्या भावात आणि उरलेली “आपली माणसं कुठायत बे?” यात.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. चपलेचा बंद तुटला आणि मी मागे राहिलो. पुढची मंडळी वळणावरून गेली आणि एकदम शांत झालं. समोर एक भिंत होती, विटांची, दोन मजले उंच, वर छप्पर नाही. झाडाची मुळं वरून खाली उतरून खिडकीच्या चौकटीत शिरली होती. जरा बघत राहिल्यावर ध्यानात आलं, की भिंत झाडाला धरून नाही, झाडाने भिंतीला धरलंय. मुळं कापली तर सगळा साहेब खाली येईल. पलीकडे झाडांच्या फटीतून समुद्राचा आवाज येत होता आणि एक चितळ माझ्याकडे बघत होतं, वेफर न मागता. सात-आठ मिनिटं मी तिथे काहीच न करता उभा होतो. फोटोसुद्धा काढला नाही. परत आलो तेव्हा बोट माझ्यासाठी खोळंबलेली होती. बायको म्हणाली, “एवढा वेळ काय बगत होता ओ?” मी सांगितलं, चप्पल. आज तीन महिने झाले, त्या बेटाचा पुरावा म्हणून माझ्याकडे तुटकी चप्पल तेवढी आहे. तेव्हा चपला नव्या घाला.

पत्रकाच्या हिशेबाने दुसरं बेट नॉर्थ बे. खरं तर तो दक्षिण अंदमानचाच किनारा. इथे येताना खिशात वीसची जुनी, तांबूस नोट असलीच पाहिजे. तिच्या मागच्या बाजूला छापलेला किनारा, नारळी आणि दीपस्तंभ हा इथलाच. नव्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे. तीच काढून काही मंडळी कैलास लेणं समुद्राशी जुळवत बसतात. बरोबर नोट असलेल्यांचीही गंमत होते, कारण ते चित्र माउंट हॅरिएटवरून दिसतं तसं छापलेलं आहे, किनाऱ्यावर उभं राहून नाही. म्हणजे चित्राच्या आत उभं राहून चित्राशी चित्र जुळवायचं. आमच्यातल्या एका गृहस्थांनी वीस मिनिटं नोट वरखाली केली आणि “छपाईत चूक झाली” असं गाईडला सुनावलं.

नॉर्थ बेला पाण्याखाली जायचे नाना प्रकार आहेत. एकात डोक्यावर मोठा गोळा घालतात, वरून नळीने हवा सोडतात आणि तुम्ही समुद्राच्या तळावर चालता, तोंड कोरडंच राहतं. पोहता येत नसलं तरी चालतं. ‘हमको तैरना नहीं आता, लेकिन उतरने का है’ हे वाक्य पाठ करून ठेवा. पण दर ऐकून बहुतेक सोलापूरकर शेवटी काचेच्या तळाच्या बोटीत बसतात. बोट हिरवट पाण्यावरून फिरते, गाईड “वो देखो, ब्रेन कोरल” म्हणतो आणि तुम्ही काचेत बघता, तर तुमचाच चेहरा. तो चेहरा नीट बाजूला केला तर खाली प्रवाळ असतं. ते दगड नाही आणि झाड नाही, लाखो बारीक जिवांची वसाहत आहे. पाणी फार तापलं की ते पांढरं पडतं. २०१० साली इथलं बरंच प्रवाळ असं पांढरं पडलं होतं. उष्म्याने जीव जातो, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी आमच्या बोटीत प्रश्न आला तो असा, “फिश टँकमध्ये ठेवायला मिळतं का हे?”

मिळत नाही. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही, वन्यजीव कायदा आडवा येतो आणि विमानतळावर बॅगा तपासतात. आत्यांनी देव्हाऱ्यासाठी घेतलेला एक पांढरा तुकडा चटणीच्या डब्यात दडवला होता. तो सापडला. तपासणाऱ्या माणसाने आधी चटणीचा वास घेतला, मग ठसका, मग तुकडा.

चारच्या सुमाराला परतीची बोट निघते. आता बाहेर बघायला काही उरलेलं नसतं, नुसता समुद्र असतो, त्यामुळे तुलना करायला हा वेळ उत्तम. उजनी भरल्यावर असंच दिसतं. हिप्परग्याचा तलावही लांबून असाच. कंबर तलावात बोटी नीट चालवल्या असत्या तर इतक्या लांब यायची गरजच नव्हती. ऊन कलू लागलं, पाणी आधी हिरवं होतं ते निळं झालं, मग शाईसारखं. शहर जवळ आलं आणि फोनला रेंज आली. सगळ्यांचे फोन एकदम टिंगटिंग करायला लागले.

पहिला फोन आमच्या काकूंचा. “अवो, पानी आलंय! आज आलंय, उद्याचं आजच सोडलंय. मोटर लावू का?”

मी जोरात म्हणालो, “लावा!” आणि चूक केली. बोटीत बावीस सोलापूरकर होते, त्यातले नऊ आमच्याच पेठेतले. बावीस जण उठले आणि रेंज जिकडे बरी येत होती त्या डाव्या कठड्याकडे गेले. बोट कलली. गाईड माइकवरून ओरडायला लागला, “बैठ जाओ, दोनों तरफ बैठो, जॅकेट पहनो!” सबंध दिवसात लोकांनी त्याच्याकडे पहिल्यांदा लक्ष दिलं, पण ते त्याला गप्प करण्यापुरतं. आत्या एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने फोन धरून उभ्या होत्या, खाली चहूकडे पाणीच पाणी, आणि त्या विचारत होत्या, “धार कशीये? करंगळीएवढी हाय का बोटाएवढी?”