'डोंबलाचा प्रिव्हिलेज' या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टवर एक लांबलचक प्रतिक्रिया आलीये. नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतंच 'तुम्ही' म्हणते. दोन ओळीत उत्तर देऊन सोडून देणार होते पण दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तरच लिहितेय. ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी: २००४ साली आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता तेव्हा मी एका कृष्णवर्णीय बाईला खोटं सांगून परत पाठवलं होतं, ते मी कबूल केलं, आणि इथे न्यू जर्सीत आपण काळे नाही म्हणून आपल्याला काय काय सोपं गेलं ते लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, "आम्ही दोन सुटकेस घेऊन आलो, इथे कोणी काही फुकट दिलं नाही, मग कसला डोंबलाचा प्रिव्हिलेज? ताई, ही प्रदर्शनं गोऱ्यांच्या टाळ्यांसाठी ठेवा."

आधी माझी चूक. इमिग्रेशनच्या कायद्याचं साल मी १९६४ लिहिलं होतं, ते १९६५ आहे. १९६४ चा तो वंशभेदाला बंदी घालणारा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट. दुरुस्त केलंय, आभार. पण ती चूक दाखवताना "आधी इतिहास वाचा, मग ज्ञान पाजळा" हे लिहायची काय गरज होती? साल चुकलंय एवढं म्हटलं असतं तरी मी बदललंच असतं. आणि ते 'ताई'. आमच्याकडे हा शब्द मायेने म्हणतात, तुम्ही तो टोमणा मारायला वापरलाय, वाचणाऱ्याला कळतं ते. टाळ्यांचं म्हणाल तर मी मराठीत लिहिते, माझ्या रस्त्यावरच्या एकाही गोऱ्या शेजाऱ्याला यातलं अक्षर वाचता येत नाही. मराठीत लिहिते कारण मला आपल्याच माणसांशी बोलायचंय, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत उभं राहून काळ्या लोकांना 'कल्लू' म्हणणाऱ्या आणि वर "आपल्यात काय, गंमत" म्हणणाऱ्या माणसांशी.

आता सुटकेस. मी पण दोनच आणल्या होत्या, १९९९ च्या जानेवारीत, एकीत कुकर आणि मसाले, दुसरीत स्वेटर. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, हातात डिग्री असून काम करायची परवानगी नाही, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये चार वर्षं काढली. २००१ मध्ये त्याची नोकरी गेली तेव्हा व्हिसाच्या धास्तीने आम्ही रात्र रात्र जागलोय. त्याच वर्षी ११ सप्टेंबरनंतर एका पार्किंग लॉटमध्ये ट्रकमधून कोणीतरी आमच्यावर ओरडलं, परत जा म्हणून, मी कडेवरच्या मुलीचं डोकं हाताने झाकलं होतं. त्यामुळे "आपल्यालाही भोगावं लागतं" हे तुम्ही मला शिकवू नका. १९८७ मध्ये जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाच्या टोळीने आपल्या लोकांना मारहाण केली तेही मला माहितीये. कष्ट नव्हते असं मी कुठे म्हटलंय? एक वाक्य दाखवा.

पण 'कोणी काही दिलं नाही' हे मला मान्य नाही, आणि याच वाक्यासाठी मी हे सगळं टाईप करतेय. १९२३ साली भगतसिंग थिंड नागरिकत्वासाठी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात भांडले, युक्तिवाद काय तर आम्ही उच्चवर्णीय हिंदू, आर्य वंशाचे, म्हणजे गोरेच. कोर्टाने नाही म्हटलं. १९४६ मध्ये कायदा झाला तेव्हा आख्ख्या भारताला कोटा मिळाला वर्षाला १०० माणसांचा. शंभर! आज इथल्या एडिसन गावच्या ओक ट्री रोडवर रविवारी पार्किंग शोधायला त्याहून जास्त आपलेच लोक फिरत असतात. हे बदललं कधी, तर १९६५ मध्ये. त्या वर्षी ७ मार्चला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, ऑगस्टमध्ये मतदानाचा कायदा झाला आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी देशावरून ठरणारे जुने कोटे काढून टाकणाऱ्या इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली. वंशावरून माणूस निवडणं चूक आहे हे या देशाला ज्यांनी रस्त्यावर मार खाऊन मान्य करायला लावलं, त्यांच्यामुळे माझ्या नवऱ्याला व्हिसा मिळाला, आणि तुम्हालाही. 'आम्ही गोरेच' असं सांगून जे दार उघडलं नाही ते काळ्या लोकांनी उघडलं, आणि आत आल्यावर आपण काय केलं, तर त्यांना घर भाड्याने द्यायचं नाही.

आणि आत आल्यानंतरचंही बघा. २००७ मध्ये टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, मी ६५ मैलांच्या लिमिटला ८३ ने चालले होते. ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने, थांबवलं, लायसन्स बघितलं, मॅडम जरा हळू म्हणाला, वॉर्निंग देऊन गेला. त्याच टर्नपाइकवर एप्रिल १९९८ मध्ये दोन ट्रूपर्सनी एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या होत्या, आत बास्केटबॉलच्या क्लिनिकला निघालेली चार तरुण मुलं, तीन काळी, एक लॅटिनो. तिघं जखमी झाली. पुढच्या वर्षी खुद्द राज्य सरकारने मान्य केलं की रंग बघून गाड्या थांबवल्या जातात. माझा एक काळा सहकारी, हुद्द्याने माझ्या वरचा, गाडीचे कागद सन व्हायझरला अडकवून ठेवतो, पोलिसासमोर हात खाली ग्लोव्ह बॉक्सकडे न्यायला लागू नये म्हणून. मी माझे कागद कुठे ठेवलेत ते मला आत्ता आठवतही नाहीये. याला मी प्रिव्हिलेज म्हणते, तुम्हाला दुसरा शब्द सुचत असेल तर तो वापरा.

तुम्ही लिहिलंय "एका भाडेकरूला नाही म्हटलं त्याचं एवढं काय". तिने पे-स्टब्स, म्हणजे पगाराच्या पावत्या, फाईलला लावून आणले होते हो. हॉस्पिटलात रात्रपाळी करून थेट आली होती, सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. फोनवर मीच "या, रिकामं आहे" म्हणाले होते, आणि दारात तिला बघून "कालच दिलं" म्हणाले. तिने फाईल उघडलीसुद्धा नाही, मुलाचा हात धरून जिना उतरून गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही नाशिकच्या एका जोडप्याला जागा दिली, ज्यांची क्रेडिट हिस्टरी जेमतेम तीन महिन्यांची होती. रंग बघून घर नाकारणं १९६८ पासून बेकायदा आहे इथे. त्यानंतर मी नियम केला, अटी आधी लिहून काढायच्या, त्यात बसणारा जो पहिला अर्ज येईल त्यालाच जागा, चेहरा बघायच्या आधी, आणि ब्रोकर "आपलीच माणसं बघू या" म्हणाला की त्याला तिथेच थांबवायचं. तीन ब्रोकर बदलले यापायी. तुम्ही काय केलंत, हे मी विचारू शकते ना?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. हार्वर्डच्या प्रवेशात वंश बघण्यावरून झालेल्या केसचा विषय निराळा आहे. शाळेचं रेटिंग बघूनच मी हे गाव निवडलं असं तुम्ही लिहिलंय, हो निवडलं, आईबाप मुलांसाठी बघतात, त्यावर कधीतरी लिहीन. आणि "अमेरिकेतल्या काळ्यांशी मराठी माणसाचा काय संबंध" हे तरी निदान मराठीत विचारायला नको होतं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, पुण्यात बसून.

तुमची प्रतिक्रिया डिलीट करत नाही. साल बदललंय, त्या बाईबद्दलचा परिच्छेद आहे तसाच राहील. पुन्हा लिहिणार असाल तर नाव घालून लिहा.