पंचाहत्तरीच्या पाहुण्यांची यादी उत्सवमूर्तीनेच करावी

घरातील वडीलधाऱ्या माणसाची एकसष्टी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा कार्यालयाची होते, दुसरी जेवणाची आणि तिसरी निमंत्रणपत्रिकेवर कोणाकोणाची नावे घालायची याची. ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना त्या दिवशी कोणाला भेटावेसे वाटते हे विचारले जातेच असे नाही. विचारले तर "तुम्ही ठरवाल ते" असे उत्तर मिळते आणि तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. माझे ठाम मत असे आहे की या सोहळ्याच्या पाहुण्यांची यादी उत्सवमूर्तीनेच करावी, मुलांनी नंतर तिच्यात हवी ती भर घालावी, आणि उत्सवमूर्ती जर बाई असेल तर या बाबतीत अधिकच आग्रह धरावा.

बाईच्या बाबतीत अधिक, कारण आमच्या आईच्या पिढीतील पुरुषांची माणसे त्यांच्या आसपास टिकून राहिली. शाळेतला मित्र गावातच असतो, नोकरीतले सहकारी निवृत्तीनंतरही सकाळी फिरायला येतात, पारावर किंवा पेन्शनरांच्या बाकावर रोज भेट होते. बाई मात्र अठराव्या-विसाव्या वर्षी माहेर सोडून आली आणि तिच्या मैत्रिणीही तशाच दहा दिशांना गेल्या. अनेक घराण्यांत लग्नात तांदळावर नवे नाव लिहून तिचे पहिले नावही बदलले गेले. पुढे ती कोणाची तरी वहिनी, काकू, आई, आजी म्हणून ओळखली गेली आणि पंचाहत्तरीला कार्यालय भरले तरी त्यातील बहुतेक माणसे तिला दुसऱ्या कोणाच्या नात्यानेच ओळखणारी असतात. विधींकडे पाहिले तरी हेच दिसते. साठ संवत्सरांचे चक्र पूर्ण होऊन जन्माच्या वेळचे संवत्सर परत येते, म्हणून साठीला आपल्याकडे महत्त्व आहे. साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री अशा शांती सांगितलेल्या आहेत. पण यजमान म्हणून बसतो तो नवरा, बायको त्याच्या शेजारी बसते, आणि तो आधी गेला तर तिच्या वयाचे टप्पे मोजायचेही बऱ्याच घरांत राहून जाते.

आमच्या आईची कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९५० आहे. ज्यांचे आईवडील त्या पिढीतील आहेत त्यांना या तारखेचे कारण सांगायला नको. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद हाताशी नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, आणि मुलाचे वय पुरेसे भरावे म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात या तारखेला जन्मलेली माणसे किती आहेत याचा अंदाज ३१ मे रोजी येतो, कारण महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो आणि त्यामुळे त्या एका दिवशी राज्यभरातील शाळा आणि कचेऱ्यांमध्ये निरोपसमारंभांची गर्दी उसळते. आईही प्राथमिक शिक्षिका म्हणून अशीच ३१ मे २००८ रोजी, अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करून निवृत्त झाली. तिचा खरा जन्म चैत्राच्या अखेरीस, गावची यात्रा होऊन गेल्यावर झाला, असे आजी सांगत असे. तेव्हा पंचाहत्तरी कोणत्या दिवशी करायची, हा प्रश्न आम्ही तिच्यासमोर ठेवला. तिने १ जून निवडला आणि कारणही सांगितले: तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींची तारीख गुरुजींनी तीच लिहिली होती.

तिथून पुढे सगळे आपोआप ठरत गेले. आम्ही तिला एक वही दिली आणि कोण कोण यायला हवे ते लिही, असे सांगितले. तिने पहिल्या पानावर सात नावे लिहिली. ती सगळी माहेरची नावे होती, कारण तिला तेवढीच ठाऊक होती.

साठ वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातील एका गावात शाळेत असलेल्या मुली आज शोधायच्या कशा, हे मला सविस्तर सांगायचे आहे, कारण हे काम ज्यांना करावेसे वाटेल त्यांना त्याचा उपयोग होईल. नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली असल्यामुळे मतदारयादी किंवा फेसबुक यांचा काही उपयोग होत नाही. शोध भावांमार्फत घ्यावा लागतो. गावात अजून राहणारा भाऊ, चुलतभाऊ, पुतण्या, कोणीतरी सापडतो, आणि त्याला बहीण कुठे दिली हे ठाऊक असते. भाऊ नसेल तर शाळेच्या जुन्या गुरुजींच्या घरी, किंवा ज्या घरी मुलींचे गौरीला जाणे-येणे होते त्या घरी विचारावे. एका मावशींचे मूळ गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेले. त्या मामाकडे राहून शिकल्या आणि घरचे लोक पुनर्वसनात दुसऱ्या जिल्ह्यात गेले. त्यांचा पत्ता मामाच्या नातवाकडून मिळाला. आणखी एक मावशी नवी मुंबईत सापडल्या. पाटण आणि जावळी भागातील असंख्य पुरुषांनी मुंबईत माथाडीचे काम केले, त्यांचे यजमान त्यांच्यापैकीच एक होते. दोघी आता या जगात नाहीत, हे आम्हाला या शोधातच कळले, आणि आईला ते सांगण्याचे काम माझ्या भावाने केले. उरलेल्या पाच जणी यायला तयार झाल्या.

तयार होणे आणि येऊ शकणे यांत मात्र फार अंतर असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, त्याखालच्या वयाच्या महिलांनाही मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि या दोन्ही सवलतींनी खेड्यातील म्हाताऱ्या बाईला घराबाहेर पडण्याचे बळ दिले, हे मी मनापासून मानते. तरीही गुडघे दुखणाऱ्या बाईला एसटीची पायरी चढता येईलच असे नाही, आणि रात्री परत कोण सोडणार हा प्रश्न तिच्या घरच्यांना असतोच. म्हणून फुलांच्या सजावटीवर होऊ शकला असता तो खर्च आम्ही गाड्यांवर केला. प्रत्येकीच्या घरी गाडी पाठवली, सोबत घरातील एक माणूस अवश्य यावे असे सांगितले, आणि दोन रात्री मुक्कामाची सोय केली. हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. आलेल्या वृद्ध पाहुण्यांना आदल्या दिवशी आणावे आणि दुसऱ्या दिवशी सोडावे. खरे बोलणे कार्यक्रमात होतच नाही, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर सुरू होते.

कार्यक्रम कराडला, रविवारी, घराजवळच्या एका लहान सभागृहात झाला. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला होता, त्यामुळे अंगणात मांडव घालण्याचा विचार सोडून द्यावा लागला. व्यासपीठ आम्ही ठेवले नाही. मानपत्र लिहिले नाही. मानपत्रात त्याग, वात्सल्य, कष्ट असे शब्द येतात, ते खरेही असतात, पण ज्या बाईला ते ऐकवले जाते तिने त्या वेळी हात जोडून बसण्यापलीकडे काही करायचे नसते. त्याऐवजी खुर्च्या गोलाकार मांडल्या आणि बोलण्याचे काम मैत्रिणींवर सोपवले. ध्वनिक्षेपक लावला नाही, कारण त्यांच्यापैकी दोघी श्रवणयंत्र वापरतात आणि बंद खोलीतील कर्ण्याच्या घुमण्याने त्यांना काहीच उमजत नाही. जवळ बसून बोललेले कळते.

त्या काय बोलल्या, ते आम्हा भावंडांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आई वर्गात गणिताला पहिली येत असे आणि गुरुजी नसताना तीच वर्ग सांभाळत असे. सातवीनंतर तिची शाळा बंद करायचे ठरले होते, तेव्हा यांच्यापैकी एकीच्या वडिलांनी आजोबांशी दोन दिवस वाद घालून तिला पुढे शिकवायला लावले. आम्ही ज्या पगारावर वाढलो त्याची सुरुवात या वादात आहे, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सगळ्या सतरा वर्षांच्या होत्या. कोणाचे लग्न ठरले होते, एकीचे झालेही होते. ती सासरच्या पडलेल्या भिंतीतून बाहेर आली आणि पुढे कित्येक रात्री लोक थंडीत शेतात झोपले तेव्हा माहेरी आलेली ती आणि आई एकाच घोंगडीत झोपल्या. हे सांगताना त्या आईला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारत होत्या. आमच्या मुलांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकले. नातीने सगळे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, आणि कोणत्याही छायाचित्रांच्या पुस्तकापेक्षा ते मला अधिक मोलाचे वाटते. या पिढीतील बायकांचे लग्नाआधीचे एखादेही छायाचित्र बहुधा नसते.

औक्षणाबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. आई विधवा आहे, पाचांपैकी तिघी मैत्रिणीही विधवा आहेत. पंचाहत्तर दिव्यांचे तबक सुवासिनींनी ओवाळावे, विधवांनी बाजूला बसावे, असे सुचवणारी माणसे आमच्याही नात्यात आहेत आणि ती वाईट नाहीत. त्यांनी जे पाहिले तेच ती सांगतात. पण याच पश्चिम महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. जे एका गावाला ग्रामसभेत जमते ते आपल्या घरातील तबकापुरते आपल्याला जमलेच पाहिजे. आम्ही आईला प्रथम कुंकू लावले, मग तिने पाचही जणींना लावले, आणि तारीख एकच असल्यामुळे सहाही जणींना एकत्र ओवाळले. ओवाळणाऱ्यांत सुना होत्या, लेकी होत्या, माझी विधवा आत्या होती आणि दोन नातूही होते. त्यानंतर एका मावशींनी आईला उखाणा घ्यायला लावला. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. तिने उखाण्यात त्यांचे नाव घेतले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यासाठी मी आयुष्यभर त्या मावशींची ऋणी राहीन.

याविरुद्ध एक रास्त म्हणणे आहे आणि ते मी ऐकून घेते. घराचे संबंध असतात, व्याही असतात, शेजारी असतात, ज्यांच्या घरच्या कार्याला आपण जेवलो त्यांना बोलावणे भाग असते. ते बोलावले नाही तर दुखावतात आणि ते दुखणे आईपर्यंतच पोहोचते. म्हणून त्यांना टाळावे असे माझे म्हणणे नाही. आम्ही सकाळची वेळ आईच्या यादीला दिली आणि संध्याकाळी इतर सगळ्यांना जेवायला बोलावले. जिलेबी, मसालेभात, मठ्ठा असा नेहमीचा बेत संध्याकाळी होता. सकाळी मात्र मऊ पुरणपोळी, कटाची आमटी आणि मधुमेह असलेल्यांसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी. सार्वजनिक जीवनात वावरलेल्या व्यक्तीचा अमृतमहोत्सव मोठ्या सभेत व्हावा, हेही मला योग्य वाटते, कारण तिथे जमलेली माणसे खरोखरच त्या व्यक्तीची असतात. माझा आक्षेप आहे तो मुलाच्या व्यवसायातील ओळखी आणि जावयाचे कार्यालयीन सहकारी यांनी पहिल्या रांगा भरण्याला आणि उत्सवमूर्तीची बालमैत्रीण पत्ता न सापडल्यामुळे घरी राहण्याला.

भेटवस्तूंबद्दल थोडेसे. आम्ही आहेर घेतला नाही. पुस्तकतुला करावी ही सूचना आईने आनंदाने मान्य केली, कारण तुलेची पुस्तके तिच्या गावच्या शाळेला जाणार होती. ती गेली आहेत.

आता सहस्रचंद्रदर्शनाचे हिशेब सुरू झाले आहेत. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी सुमारे २९.५३ दिवस लागतात, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण ऐंशी वर्षे दहा महिने. ऐंशी पूर्ण झाल्याच्या दिवशी नऊशे एकोणनव्वदच्या आसपास झालेल्या असतात, म्हणून हा सोहळा एक्याऐंशीव्या वर्षात करतात. गुरुजींची तारीख धरली तर आईचा आणि तिच्या पाच मैत्रिणींचा हजारावा चंद्र २०३१ च्या एप्रिलमध्ये येतो. त्या वेळी कार्यक्रम गावातच करायचा, असे सहा जणींनी परस्पर ठरवून टाकले आहे आणि आम्हाला कळवले आहे.

ज्यांच्या घरी येत्या वर्षभरात पंचाहत्तरी किंवा ऐंशी येत आहे त्यांनी कार्यालय ठरवण्याआधी आईच्या हातात वही द्यावी. तिने "कशाला" म्हटले तर शेजारी बसून शाळेपासून विचारायला सुरुवात करावी आणि नावे आपण लिहून घ्यावीत. पत्ते सापडायला आम्हाला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला, तेव्हा निदान तीन महिने हाताशी ठेवावेत.