दर्जा एक, पण मासे दोन

फ्लॅपर स्केट आणि ब्लू स्केट या समुद्री माशांच्या दोन जातींवरच्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय, "दोन्ही स्केट अतिसंकटग्रस्तच आहेत. मग फ्लॅपर कोणता आणि ब्लू कोणता यावर अख्खा लेख कशाला? हा नुसता नावांचा घोळ."

दर्जा एकच आहे, हे खरं. घोळही होता, आणि माझी तक्रार नेमकी त्याच्याबद्दलच आहे.

स्केट हा आपल्या पाकटाचा लांबचा नातलग, फरक इतकाच की पाकट पिल्लांना जन्म देतं आणि स्केट अंडी घालतो. ईशान्य अटलांटिकमधल्या 'कॉमन स्केट'ला 2006 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवलं, तेव्हा सगळे त्याला एकच जात समजत होते. 2010 मध्ये शरीररचना आणि जनुकं तपासल्यावर त्या एका नावाखाली दोन जाती निघाल्या. डोळ्यात नीट पाहिलं तरी फरक कळतो: ब्लूचं बुबुळ फिकट पिवळं, फ्लॅपरचं गडद ऑलिव्ह-हिरवं. इतकी वर्षं हा फरक कुणी मोजला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण खरी तफावत वयात येण्याची आहे. ब्लूची मादी साधारण सव्वा मीटरची झाली की अंडी घालू लागते. फ्लॅपरच्या मादीला जवळजवळ दोन मीटर व्हावं लागतं, आणि तेवढं वाढायला कितीतरी जास्त वर्षं जातात. अंड्यातून बाहेर पडतानाच पिल्लू एवढं मोठं असतं की तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात पहिल्या दिवसापासून अडकू शकतं. आता बंदरावर दोघांचं वजन एकाच नावाने लिहिलं, तर लहान जातीच्या आकड्यांआड मोठी संपत चाललेली दिसणारच नाही. सव्वा मीटरचा मासा पाहून 'हा प्रौढ' म्हणायचं, तर फ्लॅपरच्या बाबतीत ते पोर असतं!

2009 पासून युरोपीय संघात कॉमन स्केट पकडून किनाऱ्यावर आणायला बंदी आहे. चांगलंच झालं, पण बंदी जाळ्याला कळत नाही. म्हणून जागा राखावी लागते, आणि जागा राखायची तर कोणती जात कुठे राहते ते माहीत हवं. स्कॉटलंडने पश्चिम किनाऱ्यावर लॉक सुनार्ट ते साउंड ऑफ जुरा हा पट्टा राखला तो फ्लॅपरसाठी. 2021 मध्ये स्काय बेटाजवळ रेड रॉक्स आणि लाँगे इथे तातडीचं संरक्षण दिलं, तेही फ्लॅपरच्या अंड्यांसाठी. ती अंडी तिथल्या दगडांच्या सांदीत सुमारे दीड वर्ष पडून असतात, तेव्हा कुठे त्यातून पिल्लू बाहेर येतं.